घाबरू नका, आम्ही आहोत

मी मुळातच भित्रा. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस बटणांसमोर उभा असला, तर ‘जरा सहावा दाबता का’ म्हणायची माझी हिंमत होत नाही. तो उतरेल तिथे मीही उतरतो आणि उरलेले मजले जिन्याने चढतो. अशा माणसाला ‘कठीण काळातलं धैर्य’ या विषयावरच्या वृंदगानाच्या कार्यक्रमात घेतलं, याचं कारण एकच. बेस, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजाचे पुरुष मिळत नाहीत. चाचणीत वृंद बसवणाऱ्या बाईंनी मला वरचा सूर लावायला सांगितला, माझा लागला तो थेट तळघरात. ‘बेस,’ बाई म्हणाल्या. त्यात आनंदापेक्षा नाइलाज जास्त होता.

बेसमध्ये आम्ही आठ जण. सोप्रानोंच्या (उंच आवाजाच्या बायका) वाट्याला चाल येते, टेनरच्या (उंच आवाजाचे पुरुष) वाट्याला कौतुक, अल्टोंच्या (खालच्या आवाजाच्या बायका) वाट्याला अवघड जागा. आमच्या वाट्याला एकच सूर, सोळा मात्रा, मध्ये न तोडता. एवढा दम कुणाचाच नसतो, म्हणून श्वास चोरायचा असतो. शेजारी घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. माझ्या शेजारी एक सज्जन काका उभे राहतात. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. ‘आधी तुम्ही’, ‘छे छे, तुम्ही’ असं डोळ्यांनीच चालतं. शेवटी जीव कासावीस होऊन दोघं एकदमच श्वास घेतो.

कार्यक्रमाचा विषय धैर्य असल्यामुळे एक गोष्ट मात्र वाईट झाली. तक्रार करायची सोयच उरली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकीने ‘पाय दुखतात, बसून गायलं तर?’ असं विचारलं. बाईंनी शांतपणे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जपानी छावणीत डांबलेल्या बायकांनी एक वृंद उभा केला. वाद्यं नव्हती, म्हणून वाद्यवृंदाच्या रचना नुसत्या गळ्यांनी, शब्दांशिवाय गायच्या. त्यांतल्याच मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स या दोघींनी स्वरलिपी निव्वळ आठवून लिहून काढल्या. पहिला कार्यक्रम 27 डिसेंबर 1943 चा. पुढे उपासमारीने आणि आजाराने गाणाऱ्याच इतक्या गेल्या की वृंद थांबला. तालमीची खोली चिडीचूप. त्यानंतर कुणाचेही पाय दुखले नाहीत. माझे दुखत होते, पण मी ते मनातच दुखू दिले.

खरा घात पुढच्या आठवड्यात झाला. ‘पाठ होत नाही, फायली हातात ठेवू या का,’ असं विचारणारा दुर्दैवी इसम मीच. बाईंनी टेरेझिनची गोष्ट काढली. नाझींच्या त्या छावणीत राफाएल शेख्टर या कैदी संगीतकारांनी इटालियन संगीतकार व्हेर्दीचं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, बसवलं, तेही एकाच छापील प्रतीवरून. कैद्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं. गाणारे मृत्युछावण्यांकडे पाठवले जात, की नवे गोळा करून पुन्हा पहिल्यापासून तालीम. ‘आणि आपल्याला फाइल हवी,’ बाई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी सगळ्या फायली कपाटात गेल्या. माझ्या फायलीत जागोजागी पेन्सिलीने लिहिलेलं ‘आता!’ हेसुद्धा त्यांच्याबरोबर गेलं.

तर कार्यक्रमाचा दिवस. सुमात्राच्या त्या बायकांच्या स्मरणार्थ ड्वोरझाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीतला (वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेतला) संथ भाग आम्ही मिटल्या तोंडाने गुणगुणलो. मी चुकलो नाही, कारण मिटल्या तोंडाने चुकलेलं फारसं कळत नाही. त्याला जोडूनच आमचं मुख्य गीत होतं. बत्तीस मात्रा बायकांचा मंद आकार, मग पूर्ण शांतता आणि त्या शांततेत फक्त बेसनी गर्जायचं: ‘घाबरू नका, आम्ही आहोत.’

मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागलो. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं आणि एक टोक, म्हणजे सोळा. अशी दोन आवर्तनं. शेजारी काका विजारीच्या शिवणीवर टिचकी मारत होते. एकोणतीसला माझा घसा कोरडा पडला. एक मात्रा आधी शिरलो तर? भर सभागृहात, एकट्यानेच, ‘घाबरू नका’! तीसला मी ठरवून टाकलं. नुसतं तोंड उघडायचं. सात जण आहेतच की. त्यांचा आवाज आला की आपला मिसळायचा.

बाईंचा हात खाली आला. मी वेळेवर तोंड उघडलं. काकांनीही उघडलं. पलीकडच्या सहा जणांनीही उघडलं. आठ पुरुष, आठ उघडी तोंडं आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मासेसुद्धा आमच्यापेक्षा जास्त आवाज करत असतील.

बाईंच्या भुवया केसांना भिडल्या. एवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या दोन अल्टोंनी, एकमेकींकडे न बघता, आमची ओळ उचलली आणि वरच्या सप्तकात खणखणीत सुनावलं, ‘घाबरू नका!’

आता आवाज सापडला. आम्ही आठही जण छाती काढून एकदिलाने गरजलो, ‘आम्ही आहोत!’

मध्यंतरात बाईंनी विचारलं, ‘मोजायला कोण चुकलं?’ कुणीच नाही, आठही जणांनी अचूक मोजलं होतं. काकांनी तर शपथ घेतली. बाई थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग कपाटातून मूळ प्रत काढून त्यांनी ‘घाबरू नका’ समोरचा ‘बेस’ खोडला आणि तिथे ‘अल्टो’ लिहिलं. पुढचं ‘आम्ही आहोत’ आमच्याकडेच ठेवलंय.