जपानी सरदारीण व्हायचंय? जरूर व्हा, फक्त तयारीनिशी जा

हल्ली किमोनोतला एआय फोटो डीपीला लावून "मागच्या जन्मी मी नक्की जपानी राजकन्या होते" असं लिहिणाऱ्या ताया बऱ्याच दिसतात. छानच आहे, स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत. पण पुढच्या जन्मासाठी खरंच नंबर लावणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवते, ऐनवेळी धावपळ नको.

काळ निवडायचा तर सोळावं शतक घ्या. गल्लोगल्ली सरदार आणि रोज लढाया, त्यामुळे घरंदाज मुलींना प्रचंड डिमांड. दोन सरदारांचं जमलं की शपथा घ्यायच्या, घोडे-तलवारी भेट द्यायच्या आणि वर एक बहीण नाहीतर मुलगी द्यायची, ती तुम्ही. मुलगा कसा आहे वगैरे कांदेपोहेछाप प्रश्न विचारत बसू नका, मुलाचा किल्ला कुठल्या रस्त्यावर आहे ते बघा, घरच्यांनी तेवढंच बघितलेलं असतं. वरातीत मानाने शिंपल्यांचे डबे निघतात. शिंपल्याचा एक अर्धा भाग त्याच्या जोडीच्याच अर्ध्याशी जुळतो, दुसऱ्या कुठल्याही नाही, म्हणून ते एकनिष्ठेचं प्रतीक. निष्ठा अर्थात तुमची, साहेबांच्या बाकीच्या बायका त्या डब्यात मोजत नाहीत.

सासर आणि माहेर यांची लढाई लागली तर घाबरू नका, लागतेच. त्या काळचा सगळ्यात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याची बहीण ओइची घ्या. भावाने तिला अझाई नागामासाला दिली, 1570 मध्ये नवरा भावावरच उलटला, 1573 मध्ये भावाने नवऱ्याचा ओदानी किल्ला पाडला, नवऱ्याने पोट फाडून घेतलं आणि बाईसाहेब तीन मुली घेऊन माहेरी परत. पुढच्या नववर्षाच्या मेजवानीत भावाने मेहुण्याची कवटी सोन्याने मढवून पाहुण्यांना दाखवली, सोबत मेहुण्याच्या वडिलांची आणि त्यांच्या दोस्ताचीही होती. घरातल्या माणसाची आठवण जपणं म्हणतात ते हेच. नंतर भाऊ गेला, ओइचीचं 1582 मध्ये दुसरं लग्न झालं आणि वर्षभरात तोही किल्ला पडला. या वेळी ती नवऱ्यासोबतच मेली, मुली मात्र बाहेर पाठवल्या, कारण पुढच्या तहांना मुली लागणारच होत्या ना.

लागल्याच. थोरली चाचा नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीकडे गेली, म्हणजे ज्याने आईचा दुसरा किल्ला पाडला त्याच्याकडेच. धाकटी गो तीन लग्नं करून शेवटी दुसरा बडा सरदार तोकुगावा इएयासू याच्या मुलाच्या, हिदेतादाच्या, घरात पडली. मग दोन्ही घरांत गोडवा राहावा म्हणून गोची मुलगी सेन हिला सहा-सात वर्षांची असताना चाचाच्या मुलाला दिली, आणि 1615 मध्ये तोकुगावांच्याच सैन्याने चाचाचा ओसाकाचा किल्ला पाडला, त्यात चाचा आणि तिचा मुलगा दोघं गेले. सेन वाचली आणि पुढच्याच वर्षी तिचं दुसरं लग्न. सगळं घरातल्या घरात!

"माझं वय झालंय, लग्नही झालंय, मी सुटले" असं वाटत असेल तर असाही हिमेला विचारा. चाळिशी ओलांडलेली, नीट संसार चाललेला, पण 1586 मध्ये भाऊ हिदेयोशीला तोकुगावा इएयासूला आपल्याकडे वळवायचं होतं, म्हणून तिचा संसार मोडून तिला इएयासूची बायको करून पाठवली. तरीही इएयासू भेटायला येईना, तेव्हा हिदेयोशीने स्वतःच्या आईला पाठवलं, लेकीला भेटायला जातेय असं सांगून. म्हातारीला ओलीस म्हणायचं नाही हां, पाहुणी म्हणायचं.

आता थोडं ब्युटी रूटीन. भुवया काढून टाका आणि कपाळावर वर नव्या रंगवा. चेहऱ्याला पांढरी पावडर फासा, तिच्यात शिसं असतं पण ग्लो येतो. दात काळे करायचे, त्यासाठी लोखंडाचे तुकडे आंबट पाण्यात कुजवत ठेवा, वास सहन करा, वर झाडाच्या गाठींची पूड लावा, आणि रंग उतरतो म्हणून दर दोन-चार दिवसांनी परत हेच. ही कला फुकट जात नाही. 1600 मध्ये ओगाकी किल्ल्याला वेढा पडला होता तेव्हा आतल्या बायका शत्रूची कापून आणलेली मुंडकी धुऊन त्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावत होत्या आणि दात काळे करत होत्या, कारण काळ्या दातांचं मुंडकं म्हणजे मोठ्या घरचा माणूस आणि आणणाऱ्याला जास्त बक्षीस. तिथे असलेल्या एका मुलीने म्हातारपणी हे सांगून ठेवलंय, रात्री त्या मुंडक्यांच्या मधेच झोपायचो, भीती वाटेनाशी झाली होती म्हणे. हे स्किल बायोडेटात घालायला विसरू नका.

लढाया नकोत, शांतता हवी? मग सतरावं शतक घ्या. 1635 च्या नियमाने सरदार एक वर्ष एदोत (म्हणजे आजचं टोकियो), एक वर्ष आपल्या मुलखात, आणि त्याची बायको व वारस कायम एदोत, शोगुनच्या, म्हणजे देश चालवणाऱ्या तोकुगावा घराण्याच्या प्रमुखाच्या नजरेखाली. साहेबांनी तिकडे बंड केलं तर इकडे तुम्ही आहातच. वाडा मोठा, बाग सुंदर, नोकरचाकर भरपूर, फक्त गावाबाहेर जायचं नाव काढू नका, कारण नाक्यांवर दोनच गोष्टींवर खास लक्ष असायचं, एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून निघणाऱ्या बायका. हाकोनेच्या नाक्यावर बायकांना तपासायला बाईच ठेवलेली, ती केस सोडून बघायची, परवान्यात लिहिलेल्या खुणा आहेत का ते बघायची. आणि तुम्ही एदोत येत असलात तरी खूश होऊ नका. 1681 मध्ये इनोउए त्सूजो नावाची सामुराईची हुशार मुलगी सरदाराच्या आईकडे नोकरीला एदोला निघाली होती, अराईच्या नाक्यावर तिला अडवलं. परवाना होता, शिक्का होता, पण त्यात नुसतं बाई लिहिलेलं, लग्न न झालेली आहे हे लिहायचं राहिलेलं. दुसरा कागद ओसाकाहून येईपर्यंत बसा.

तर अर्ज भरताना तो रकाना आधी बघा.