दुकानातला फळा आणि वर्ल्ड कपच्या चिठ्ठ्या

सांगलीत आमचं रंगाचं दुकान आहे. या धंद्यात गिऱ्हाईक दोन प्रकारचं. घरमालक पाच-सात वर्षांतून एकदा येतो, शेड कार्ड हातात घेऊन बायकोशी तासभर वाद घालतो आणि शेवटी क्रीमच घेतो. पेंटर आठवड्यातून चारदा येतो, आणि दुकान चालतं ते त्याच्यावर. पण तो बोलतो एवढंच, "दोन पुट्टी, एक प्रायमर, पॉलिश पेपर द्या दहा." डब्यात पेंटरसाठी बक्षिसाचं टोकन असतं, ते कंपनीचं, त्यामुळे त्याची माया कंपनीवर. तोच डबा पलीकडच्या चौकातही मिळतो. मग त्यानं माझ्याकडेच का यावं? याला उधारी सोडून माझ्याकडे बरेच दिवस उत्तर नव्हतं.

2025 ला महिलांचा वर्ल्ड कप 30 सप्टेंबरला सुरू झाला आणि 2 नोव्हेंबरला संपला. म्हणजे दसरा-दिवाळी, आमचा ऐन सीझन. त्यात स्मृती मानधना आमच्या सांगलीची. मी काउंटरशेजारी पोराचा जुना पांढरा फळा टांगला आणि लिहिलं, 'भारत आज किती रन करणार? जवळच्या आकड्याला बक्षीस.' जुनी शेड कार्डं कापून चिठ्ठ्या केल्या, चार लिटरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडली. मॅच सुरू व्हायच्या आत चिठ्ठी टाकायची. कोण जिंकणार असं मुद्दाम विचारलं नाही, कारण सगळे भारतच लिहिणार. पुढे भारत सलग तीन मॅच हरला, तेव्हा हे शहाणपण कामाला आलं. इंग्लंडविरुद्ध 288 चा पाठलाग करताना आपण 284 वर अडकलो, दुकानात सुतकी कळा होती, पण आकडा कुणाचा जवळ आला ते बघायला पोरं फळ्याशी आलीच.

बाकी शहाणपण मात्र चुका करूनच आलं. पहिलं बक्षीस ठेवलं होतं पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. कुणी ढुंकून बघेना. एका म्हाताऱ्या पेंटरनं शेवटी सांगितलं, "मालक, पैसं घरमालक देतोय. सूट त्येला. आमाला काय?" वीस वर्षं गल्ल्यावर बसून मला हे कळू नये! मग बक्षीस केलं चार इंची चांगला ब्रश आणि भडंगचा एक पुडा. ब्रश त्याचा, भडंग घरच्यांचं.

दुसरी चूक याहून वाईट. चिठ्ठ्या वाढल्यावर मला हाव सुटली आणि मी 'पाचशेच्या बिलावर एक चिठ्ठी' असं लिहून टाकलं. दोन दिवसांत डबा ओस. वर आमचे एक वकील गिऱ्हाईक म्हणाले की विक्री वाढवायला स्पर्धा लावणं हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत येऊ शकतं. बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं, हेही त्याच व्याख्येत आहे म्हणे. त्याच संध्याकाळी ती ओळ पुसली. मग रस्त्यानं जाणारा भाजीवालाही चिठ्ठी टाकू लागला, आणि मला ते आवडलं.

पैशाचं मात्र मी पहिल्यापासून कडक. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंद झाले, ड्रीम 11 नंही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, पण सवय कुठे जाते? दोन टेम्पोवाले फळ्याच्या आकड्यावर शंभर-शंभर लावताना दिसले. त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, परत दिसलं तर फळा काढून टाकीन. या सट्ट्यापायी मोटरसायकल विकलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. चिठ्ठीला पैसे नाहीत म्हणूनच हा खेळ आहे. मध्ये एक जण हेच सगळं मोबाइलवर करून देतो, गिऱ्हाइकांचे नंबरही गोळा होतील, असं सांगत आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावला. मला नंबर नको होते, माणूस आत यायला हवा होता.

आणि पावसानं जी गंमत केली! बांगलादेशची मॅच पावसात वाहून गेली तेव्हा आपला स्कोअर होता बिनबाद 57. नियम मीच लिहिलेला, 'स्कोअरबोर्डवर असेल तो आकडा.' सगळ्या चिठ्ठ्या अडीचशेच्या पुढं, फक्त एकाची 110. कामाचे पैसे थकल्यामुळे त्या दिवशी तो जगावर चिडलेला होता आणि रागानं लिहून गेला होता. ब्रश त्यालाच द्यावा लागला. अर्धा तास आरडाओरडा चालला. त्या अर्ध्या तासात अकरा पेंटर दुकानात उभे होते, आणि एकानंही काही विकत घेतलं नाही.

दुकानातल्या माणसांचं काय झालं ते मी ठरवलेलंच नव्हतं. त्यांची रांग फळ्यावर वेगळी, बक्षीस एक दिवस दोन तास आधी सुट्टी. काउंटरचे काका वडिलांच्या काळापासूनचे. रंग मिसळायच्या टिंटिंग मशीनवरच्या पोराशी ते फक्त शेड चुकली की बोलायचे. आता सकाळी शटर उघडतानाच विचारतात, "काय रे, पिच कसं हाय?"

पण खरी बाजी मारली बिलिंगच्या ताईंनी. सेमीफायनलला समोर ऑस्ट्रेलिया. काकांसकट सगळ्यांनी 240-260 लिहिलं. ताईंनी 335. सगळे हसले. त्या बिल फाडता फाडता म्हणाल्या, "ते तीनशेच्या वर करणारच. मग आपल्याला जिंकायचं तर तेवढं नको का?" ऑस्ट्रेलिया 338, भारत 5 बाद 341, जेमिमा नाबाद 127. महिलांच्या वनडेतला तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग, आणि ताई सहा रननी चुकल्या. दुसऱ्या दिवसापासून पेंटर बिलाआधी विचारू लागले, "ताई, फायनलला किती?" सहा वर्षांत त्यांच्याशी कुणी सुट्ट्या पैशांपलीकडे बोललं नव्हतं. फायनलला त्यांनी 310 लिहिलं, झाले 298, आणि ब्रश 300 वाल्या एका प्लंबरनं नेला. (प्लंबरला ब्रश! त्यानं तो तिथंच एका पेंटरला साठ रुपयांना विकला.)

विक्री वाढली का, असं धंदेवाले मित्र विचारतात. सीझनच होता, त्यातलं फळ्याचं किती आणि दिवाळीचं किती ते मला वेगळं काढता येत नाही. चौकापलीकडं जाणारे तीन पेंटर आता माझ्याकडे येतात, एवढं दिसतं.

वर्ल्ड कप संपला आणि फळा कोरा राहिला. आठवड्यानं एक जण त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मालक, आता कारखाना उसाला पहिली उचल किती देणार, त्याची चिठ्ठी घ्या की." तेवढं नको म्हटलं. माझे दोन्ही भाऊ कारखान्याला ऊस घालतात, घरी जेवायचं आहे मला.