मलेशियाच्या टेक कॉरिडॉरची सातवी हमी

मलेशियाच्या मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉरचा, म्हणजे माहिती तंत्रज्ञान उद्योगांसाठी आखलेल्या खास पट्ट्याचा, विषय निघाला की लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: तिथे सिलिकॉन व्हॅली का नाही झाली? मग त्यासाठी वसवलेल्या सायबरजाया शहरातले रिकामे रस्ते, रात्री सामसूम होणाऱ्या इमारती, सगळं निघतं. गेली अनेक वर्षं मी या प्रकल्पाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. या कॉरिडॉरने मलेशियाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट काचेच्या इमारतींमध्ये शोधून सापडणार नाही. ती एका सरकारी हमीपत्रातल्या सातव्या ओळीत आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्याकडे तो फारसा कुणी सांगत नाही. १९९१ मध्ये पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी २०२० पर्यंत देश विकसित करण्याचं उद्दिष्ट मांडलं. मलेशियाचा कारखानदारीवर तोवर चांगला जम बसला होता. पण स्वस्त मजुरीच्या जोरावर चीन आणि व्हिएतनाम मागून येत होते आणि केवळ जोडणीच्या कामावर पुढची पिढी जगणार नाही हे महाथीरना दिसत होतं. म्हणून १९९६ मध्ये हा कॉरिडॉर सुरू झाला. उत्तरेला क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर्स, दक्षिणेला नवा विमानतळ, मध्ये साधारण १५ किलोमीटर रुंद आणि ५० किलोमीटर लांब पट्टा. या पट्ट्यात दोन शहरं नव्याने वसवायची होती: सरकारी कचेऱ्यांसाठी पुत्रजाया आणि कंपन्यांसाठी सायबरजाया. जानेवारी १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळाची पहिली बैठक स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. मंडळावर बिल गेट्स यांच्यासारखी माणसं होती.

आणि नेमकं त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट कोसळलं. डॉलरला अडीच रिंगिटच्या आसपास असलेला दर चारच्या पलीकडे गेला. सप्टेंबर १९९८ मध्ये सरकारने तो ३.८० वर बांधला आणि भांडवलाच्या ये-जा करण्यावर निर्बंध आणले. एवढ्या पडझडीतही काम थांबलं नाही. जुलै १९९९ मध्ये सायबरजायाचं उद्घाटन झालं. पुढे शेल, एचएसबीसी, डीएचएल यांची मोठी केंद्रं तिथे आली. २००१ मध्ये चिप असलेलं राष्ट्रीय ओळखपत्र, मायकार्ड, लोकांच्या हातात पडलं. डिजिटल सही, संगणक गुन्हे, टेलिमेडिसिन यांचे कायदे १९९७ मध्येच झाले होते. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा यायला २००० साल उजाडलं. म्हणून हा प्रकल्प फसला असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. उणिवा आहेतच. क्वालालंपूरमध्ये २०१२ ला टॅक्सीच्या अॅपपासून सुरू झालेली ग्रॅब थोड्याच वर्षांत मुख्यालय घेऊन सिंगापूरला गेली. ज्यासाठी एवढा पसारा मांडला होता, तशी कंपनी घडली आणि हातातून गेली.

आता त्या हमीपत्राकडे येतो. परदेशी कंपन्यांना बोलवायला सरकारने दहा हमी लेखी दिल्या. दहा वर्षांपर्यंत आयकर माफ, परदेशी तज्ज्ञ आणायला मोकळीक, मालकीवर बंधन नाही. ही मालकीची सूटच केवढी मोठी होती! १९७१ पासून मलेशियाचं अवघं राजकारण भूमिपुत्रांच्या (मलय आणि इतर मूळ रहिवाशांच्या) आर्थिक वाट्याभोवती फिरत होतं आणि इथे त्यालाच अपवाद केला गेला. पण माझ्या लेखी सगळ्यांत धाडसी हमी सातवी. इंटरनेटवर सेन्सॉरशिप असणार नाही.

हे वचन कुणी दिलं ते पाहा. ऑक्टोबर १९८७ मध्ये ज्यांच्या सरकारने शंभराहून अधिक लोकांना खटल्याविना डांबलं आणि तीन वर्तमानपत्रांचे परवाने काढून घेतले, त्याच महाथीरनी. छापील वर्तमानपत्राला परवाना लागायचा आणि तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागायचा. इंटरनेट मात्र मोकळं. १९९८ च्या दूरसंचार व मल्टिमीडिया कायद्यात, कलम ३ मध्ये, या कायद्याने इंटरनेटच्या सेन्सॉरशिपला परवानगी मिळते असा अर्थ लावू नये, असं स्पष्ट लिहून ठेवलं गेलं. वचन गुंतवणूकदारांसाठी होतं. त्याचा उपयोग केला तो मलेशियाच्या सामान्य नागरिकांनी.

सप्टेंबर १९९८ मध्ये महाथीरनी आपले उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना काढून टाकलं. अटकेनंतर ते कोर्टात आले तेव्हा त्यांचा डोळा काळानिळा पडला होता. रस्त्यावर रिफॉर्मासीच्या, म्हणजे सुधारणांच्या, घोषणा घुमू लागल्या. मोठी वर्तमानपत्रं सत्ताधाऱ्यांच्या मर्जीबाहेर जात नव्हती, तेव्हा लोक वेबसाइटवर वाचू लागले, छापील प्रती काढून एकमेकांना देऊ लागले. २० नोव्हेंबर १९९९ रोजी, सार्वत्रिक निवडणूक नऊ दिवसांवर असताना, स्टीव्हन गॅन आणि प्रेमेश चंद्रन यांनी मलेशियाकिनी हे वृत्तसंकेतस्थळ सुरू केलं. परवाना लागला नाही, कारण सातवी हमी होती. २००३ मध्ये पोलिसांनी त्यांच्या कचेरीवर छापा घालून संगणक उचलून नेले. संकेतस्थळ तरीही चालू राहिलं. २००८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचं दोन तृतीयांश बहुमत गेलं आणि जेफ ऊई हे ब्लॉगर खासदार झाले. इंटरनेटवरची लढाई आपण हरलो, अशी कबुली पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी दिली. त्याच वर्षी निवृत्त महाथीरनी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. आता त्यांच्याच टीकेला वर्तमानपत्रात जागा मिळत नव्हती!

पण लेखी वचनही पाळावं लागतं. १एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीतला घोटाळा बाहेर येऊ लागला तेव्हा, जुलै २०१५ मध्ये, त्याच्या बातम्या देणारं सारावाक रिपोर्ट हे संकेतस्थळ मलेशियात अडवलं गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलेशियन इनसायडर हे वृत्तसंकेतस्थळ अडवलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात त्याने कायमचा गाशा गुंडाळला. ज्या कायद्यात ते कलम ३ आहे, त्याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम २३३ लोकांना गप्प करायला वापरलं गेलं. आणि तरी मे २०१८ मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेली आघाडी हरली. त्या पराभवाला इतर कारणंही होती हे मला मान्य आहे. पण घोटाळ्याच्या बातम्या फोनवरून घराघरांत पोहोचल्या नसत्या तर हे घडलं असतं, असं मला वाटत नाही.

एक बाजू मात्र या इतिहासात कायम वगळली जाते आणि त्याचा मला राग येतो. पुत्रजाया जिथे उभं आहे तिथे रबर आणि ऑइल पामचे मळे होते. प्रांग बेसारसारख्या मळ्यांवर तमिळ मजुरांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. प्रकल्प आला आणि त्यांना हलवण्यात आलं. जमिनीवरचं स्वतंत्र घर मिळेल असा शब्द आपल्याला दिला गेला होता, असं ही कुटुंबं सांगत आली. मिळाले ते डेंगकिलच्या तामान पर्मातामधले फ्लॅट, ज्यांच्या भिंतींना तडे गेले. पुढची वीसेक वर्षं ती घरासाठी दारोदार निवेदनं देत राहिली. कंपन्यांना दहा हमी, छापील, सहीशिक्क्यासह. मळ्यावरच्या माणसाला फक्त तोंडी शब्द. महामार्गासाठी, धरणासाठी, आयटी पार्कसाठी जमीन गेलेला आपल्याकडचा कुठलाही माणूस हे वाचून मान डोलावेल.

आपल्याकडे १९९८ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं माहिती तंत्रज्ञान धोरण आलं. तेव्हापासून आपण वाढीव एफएसआय, मुद्रांक शुल्कातली सूट, वीजदर यांवर भांडतोय. भांडलंच पाहिजे. पण इंटरनेट बंद करणार नाही, अशी लेखी हमी उद्योगांनी मागितल्याचं कधी ऐकलंय? ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये मराठा आंदोलनाच्या काळात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या ग्रामीण भागात इंटरनेट बंद केलं गेलं. दुकानदाराचं यूपीआय थांबलं, मुलांचे ऑनलाइन अर्ज अडकले. डिजिटल अर्थव्यवस्था याच लोकांच्या जिवावर उभी करायची असेल, तर ही हमी त्यांनाही हवी.

मलेशियात जुलै २०२२ मध्ये या कॉरिडॉरची जागा 'मलेशिया डिजिटल' या नव्या उपक्रमाने घेतली. आज अन्वर इब्राहिम पंतप्रधान आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सगळी डीएनएस वाहतूक (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या विनंत्या) देशांतर्गत सर्व्हरकडे वळवण्याचा सरकारी आदेश निघाला. लोक इतके खवळले की काही दिवसांत तो थांबवावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून मात्र ८० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना आणि मेसेजिंग सेवांना दरवर्षी परवाना घेणं बंधनकारक झालं. मुलांची सुरक्षा, ऑनलाइन फसवणूक ही कारणं खोटी नाहीत, त्यावर कडक कायदे हवेतच. पण वार्षिक परवाना हेच ते हत्यार, ज्याने या देशाची वर्तमानपत्रं अनेक वर्षं दबून राहिली. १९९८ मध्ये अन्वर तुरुंगात असताना त्यांची बाजू लोकांपर्यंत गेली ती परवाना न लागणाऱ्या माध्यमातून. त्यांच्या सरकारने ही परवाना पद्धत मागे घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.