चिऊताई, खोली खाली कर

घरमालक व्हायचं माझं स्वप्न वयाच्या 53व्या वर्षी पुरं झालं. 12 खोल्या, पांढराशुभ्र रंग, प्रत्येक खोलीला स्वतंत्र सज्जा, जमिनीपासून 14 फुटांवर चारी बाजूंनी खेळती हवा. भाडं शून्य, डिपॉझिट शून्य. भाडेकरूही शून्य.

पुण्यातल्या वाड्यात आम्ही 22 वर्षं दोन खोल्यांत काढली. आमचे मालक रात्री दहाच्या ठोक्याला जिन्यातला दिवा घालवत, आणि आमच्याकडचा पाहुणा दोन दिवसांवर टिकला की दाराबाहेर उभं राहून खाकरत. त्या खाकरण्याचं उट्टं कधीतरी काढायचंच होतं. त्यामुळे पर्पल मार्टिन या पक्ष्यासाठी अंगणात घरं उभारणारे अमेरिकन लोक स्वतःला 'लँडलॉर्ड' म्हणवतात हे कळलं, तेव्हाच माझं निम्मं मन वळलं.

उरलेलं निम्मं डासांनी वळवलं. आम्ही राहतो टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला. मे महिन्यात मागच्या अंगणात संध्याकाळी बसायचं म्हणजे रक्तदान शिबिरच. गल्लीच्या टोकाला तळ्याकाठी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्या खांबावर निळ्याजांभळ्या झाकेच्या काळ्याभोर पक्ष्यांची ही झुंबड. तीच ही पर्पल मार्टिन. आपल्या भिंगरी पक्ष्याची थोराड बहीण म्हणा. उत्तर अमेरिकेतली सगळ्यांत मोठी भिंगरी हीच. हिवाळ्यात ब्राझीलला जाते आणि फेब्रुवारीत आमच्याकडे परतते. रॉकी पर्वताच्या पूर्वेला तर ती आता जवळपास पूर्णपणे माणसानं दिलेल्या घरातच अंडी घालते. चोक्टॉ आणि चिकसॉ हे इथले मूळ रहिवासी पूर्वी तिच्यासाठी पोकळ भोपळे टांगायचे. आजोबांकडेही भोपळेच होते. हात लावून पाहिला, तर आपला वाळलेला दुध्या! मिरजेत ज्याचा तंबोरा झाला असता, त्यात इथे बाळंतपणं चालली होती.

"दिवसाला 2000 डास खातात म्हणे," मी म्हणालो.

"म्हणे," आजोबा म्हणाले आणि हसले.

त्या हसण्याचा अर्थ मला काँक्रीट वाळल्यावर कळला. 1960च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्जव्हिल गावच्या एका अँटेनावाल्या कारखानदाराने पक्ष्यांची अ‍ॅल्युमिनियमची घरं विकायला काढली आणि हा 2000चा आकडा देशभर पिकवला. प्रत्यक्षात मार्टिन दिवसा उंच आभाळात शिकार करते, डास संध्याकाळी आपल्या घोट्यांपाशी. दोघांची गाठ पडणार कधी? चतुर नावाचे किडे मात्र ती आवडीनं खाते. आणि चतुर काय खातात? डास. म्हणजे मी डासांच्या वैऱ्याचा वैरी स्वखर्चाने आणत होतो.

पण तोवर खड्डा झाला होता. दोन झाले होते.

इथे खणायच्या आधी 811ला फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखाली काय काय आहे त्यावर रंग मारून झेंड्या रोवून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळी, पाण्याला निळी, केबलला नारिंगी. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, वाढदिवस कुणाचा? झेंड्या चुकवून मी पेकानच्या झाडाखालची गार सावली निवडली. आपले संस्कारच तसे, पक्ष्याला झाड लागतं. पहार मारली आणि काळी माती बघून गहिवरलो. आमच्या मामाच्या शेतातली बार्शीची माती आणि डॅलसची माती एकाच जातकुळीची, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात बुटाचा तळवा काढून घेणारी. गहिवर दीड फुटापर्यंत टिकला. मग पाठ धरली.

काँक्रीटची दोन पोती ओतून, ओळंबा लावून, खांब काटकोनात उभा केला आणि आजोबांना बघायला बोलावलं. त्यांनी खांबाकडे पाहिलंच नाही, झाडाकडे पाहिलं. या पक्ष्याला झाड जवळ चालत नाही, फांदीआडून ससाणा येतो, फांदीवरून साप. झाडापासून निदान 40 फूट लांब हवं, आणि माणसाच्या घराजवळ असेल तर उत्तम. झाड नको आणि माणूस हवा, असा पक्षी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी दुसरा खड्डा आमच्या जेवणघराच्या खिडकीसमोर निघाला. पहिल्या खांबाचा बुंधा काँक्रीटसकट अजून पेकानखाली आहे. त्यावर तुळस ठेवलीय.

"गेल्या वर्षी मिलिंद महिनाभर राहायला येतो म्हणाला, तेव्हा तू जागा नाही म्हणालास," बायको म्हणाली. मिलिंद तिचा मावसभाऊ. मी ऐकलं नाही असं दाखवून कप्पी तपासत बसलो. घर दोरीने खाली-वर होतं, कारण मालकाने आठवड्यातून एकदा खोल्या तपासायच्या असतात. पहिल्यांदा वर चढवताना मी नकळत ताठ उभा राहिलो होतो. झेंडावंदनाची सवय.

घरांच्या संघटनेची परवानगी, खांबाला सापांसाठी पत्र्याचा शंकू वगैरे गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. पैसे गेले.

फेब्रुवारीत मार्टिन आल्या. आमच्या घरावरून गेल्या, आजोबांकडे. जुनी मंडळी जुन्याच जागी जातात. नवी जागा बघतात ती गेल्या वर्षीची पोरं, आणि ती येतात महिना-दीड महिना मागाहून. त्यांना भुलवायचा उपाय म्हणजे पहाटे नर मार्टिन जे गातात ते ध्वनिमुद्रण लावणं. वेळ साडेचार. मार्चभर मी स्वेटर-कानटोपीत बाहेर येऊन स्पीकर लावत होतो. गळ्यात गुळण्या अडकल्यासारखं ते गाणं. आमच्या आळीतल्या विठ्ठलमंदिरात काकडआरती याच वेळी व्हायची आणि मी उशीखाली डोकं घालायचो. हे शेजाऱ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी विठ्ठलाची बाजू घेतली असती.

गाणं ऐकून आली ती चिमणी.

आपलीच. तीच तपकिरी पाठ, नराच्या गळ्याखाली तोच काळा डाग. 'चिऊताई चिऊताई दार उघड' मधली, मेणाच्या घरातली. मी तर हरखलोच. बायकोला हाक मारली, दोघांनी चहा घेत बघितली. नर सज्जात बसून चिवचिवत होता आणि दहा मिनिटांत त्याने 7 नंबरात पहिली काडी नेली.

आजोबांनी चहा संपेपर्यंतसुद्धा दम धरला नाही. "काढ!" ही चिमणी मार्टिनची अंडी फोडते, पिल्लं मारते, त्यांच्यावरच आपलं घरटं रचते. 1850च्या सुमारास कुणी हौशी लोकांनी ती युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली, तिथून देशभर झाली. 1918च्या कायद्याने इथल्या देशी पक्ष्यांच्या घरट्याला हात लावायची बंदी आहे, चिमणीला तो कायदा लागू नाही. मी ग्रीन कार्डासाठी 11 वर्षं थांबलो. ही पावणेदोनशे वर्षं राहूनही बिनकागदाचीच.

मग माझं खरं मालकपण सुरू झालं. दोरी सोडायची, घर उतरवायचं, 7 नंबरातला पसारा काढायचा, घर चढवायचं. दुपारपर्यंत पुन्हा काड्या. एका रविवारी तीनदा काढलं. चिमणा कुंपणावरून माझ्याकडे बघत असे आणि मी, खरं सांगतो, खाकरत असे. तिसऱ्या घरट्यात गवत, कोंबडीची पिसं, दुकानाची पावती आणि लाल नाडा होता. नाडा ओळखीचा वाटला. आमच्याच सत्यनारायणाचा.

शनिवारी आईचा फोन येतो. ती आता कोथरूडला फ्लॅटमध्ये असते. नाशिकच्या लोकांनी सुरू केलेला 20 मार्चचा चिमणी दिवस तिला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी गॅलरीत तिने लाकडी घरटं टांगलं, शेजारी बाजरीची वाटी. चिमणी एकदाही फिरकली नाही. वाटी कबुतरं संपवतात.

"काय करतोयस रे?"

"चिमणीचं घरटं काढतोय."

पलीकडे शांतता. मी घाईघाईने ब्रुकलिन, 1918, अंडी सगळं सांगितलं.

"कुणासाठी काढतोयस?"

"ब्राझीलहून येणाऱ्या पक्ष्यांसाठी."

"आलेत का ते?"

"अजून नाही."

"म्हणजे जी आलीय तिला हाकलून, जो आला नाही त्याची वाट बघतोयस," आई म्हणाली. "तुझे आजोबा हेच करायचे. जेवायला बसलेल्याला उठवून पंगत धरून ठेवायची, आणि व्याही यायचे दुसऱ्या दिवशी."

एप्रिलच्या शेवटी एक मादी आली, करड्या छातीची. 3 नंबरच्या सज्जात बसली, आत डोकावली, उडाली. मी खिडकीत इडली हातात धरून अर्धा तास उभा. मग नर आला, छातीवर अजून ठिगळं ठिगळं, म्हणजे गेल्या वर्षीचं पोरगंच. पुढचे आठ दिवस बायकोने घरात मिक्सर लावला नाही. तिलाही व्यसन लागलं होतं, पण कबूल कोण करणार.

आजोबांच्या सांगण्यावरून अंड्यांची टरफलं भाजून, चुरून ठेवली. बाळंतिणीला कॅल्शियम लागतं. मेच्या दुसऱ्या शनिवारी दोरी सोडली. 3 नंबरात चिखलाचा बांध, काड्या, वर हिरवी पानं अंथरलेली, आणि पानांवर 4 अंडी. पांढरीशुभ्र, एक ठिपका नाही. तेवढ्यात आईचा फोन. मी व्हिडिओ चालू करून कॅमेरा खोलीत धरला आणि एका दमात सांगत सुटलो: ब्राझील, चार अंडी, सोळा-सतरा दिवसांत पिल्लं, दोन खड्डे वसूल. कुंपणावर बेघर चिमणा गळा काढून ओरडत होता, म्हणून मला आवाज चढवावा लागत होता.

"अरे, तू जरा गप्प बस," आई म्हणाली.

"का गं, दिसत नाहीत का अंडी?"

"दिसली. मागे चिमणी ओरडतेय ना? फोन तिकडे धर जरा."