वॉरबर्गच्या नावावर खपवलेला सोडा

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय, त्यातले दोघं चांगले शिकलेले. थोडक्यात मजकूर असा: ‘डॉ. ओटो वॉरबर्ग यांनी कॅन्सरचं कारण शोधलं आणि त्याबद्दल त्यांना 1931 सालचं नोबेल मिळालं. शरीर आम्लधर्मी झालं की कॅन्सर होतो. अल्कलाइन शरीरात तो जगूच शकत नाही. म्हणून अल्कलाइन पाणी प्या, लिंबू घ्या, खाण्याचा सोडा घ्या. औषध कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात. करून बघायला काय हरकत आहे? पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’

एकेक दावा घेऊ.

‘कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नोबेल’

साल बरोबर, माणूस बरोबर, नोबेलही खरं. काम मात्र दुसरंच. पेशी श्वसनासाठी जे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरतात, त्याचं स्वरूप आणि ते काम कसं करतं हे शोधल्याबद्दल वॉरबर्गना ते पारितोषिक मिळालं. नोबेलच्या मानपत्रात कॅन्सरचा शब्द नाही.

कॅन्सरवरही त्यांनी काम केलं होतं, आणि ते खरोखर मोलाचं आहे. 1920 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की गाठीतल्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, आणि ऑक्सिजन हाताशी असतानाही ते पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. आज कॅन्सर शोधायला पेट स्कॅन करताना रुग्णाला किंचित किरणोत्सारी ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात आणि तो कुठे गोळा होतो ते बघतात. त्यामागे हेच निरीक्षण आहे.

चुकले ते निष्कर्षात. पेशीचं बिघडलेलं श्वसन हेच कॅन्सरचं मूळ, असं ते 1970 मध्ये वारले तोपर्यंत मानत होते. पुढे दिसलं की कित्येक कॅन्सर पेशींचं श्वसन ठीकठाक चालू असतं, आणि बिघाडाची मुळं जनुकांत सापडली. आपल्या निरोगी पेशींतल्याच जनुकांपासून कॅन्सरकारक जनुकं येतात हे दाखवल्याबद्दल बिशप आणि वार्मस या शास्त्रज्ञांना 1989 चं नोबेल मिळालं. मेसेजवाल्यांना नोबेलचा इतका पुळका असेल तर यांचं नाव का नाही, हे मला कळलेलं नाही.

‘शरीर आम्लधर्मी झालं की कॅन्सर होतो’

शरीराचा कुठला भाग? पीएचच्या पट्टीवर 7 म्हणजे मध्य; त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट. जठरातल्या रसाचा पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, साधारण 1.5 ते 3.5 असतो. त्वचा सौम्य आम्लधर्मी असते. रक्त 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात राहतं, म्हणजे ते मुळातच किंचित अल्कलाइन आहे. ‘शरीराचा पीएच’ असा एक आकडा नसतोच.

रक्त खरोखर 7 च्या खाली गेलं तर तो माणूस अतिदक्षता विभागात असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर नसतो. तशी वेळ येऊ नये म्हणून तीन पहारेकरी आहेत: रक्तातलं बायकार्बोनेट (खाण्याच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग हाच) काही क्षणांत काम करतं, फुप्फुसं काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइड कमीजास्त बाहेर टाकून तोल सावरतात, आणि मूत्रपिंडं पुढच्या तासा-दिवसांत उरलेला हिशेब मिटवतात. जेवणात काहीही असलं तरी हे तिघं रक्ताचा तोल सांभाळतात.

मग हा समज आला कुठून? एका खऱ्या गोष्टीवरून. गाठीच्या आसपासचा द्रव बऱ्याचदा आम्लधर्मी असतो, 6.5 ते 6.9 च्या घरात. पण ते आम्ल गाठच तयार करते, वॉरबर्गनी पाहिलेलं लॅक्टिक आम्ल ते हेच. आधी गाठ, मग आम्ल. मेसेजनं क्रम फिरवला. पूर आला म्हणून पाऊस पडला, असं म्हणण्यातला प्रकार. अख्ख्या मेसेजचा डोलारा या एका उलट्या बाणावर उभा आहे. तो सरळ केला की पाणी, लिंबू, सोडा यांपैकी कशालाच आधार उरत नाही.

‘अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगूच शकत नाही’

प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याचा पीएच सुमारे 7.4 ठेवतात, म्हणजे किंचित अल्कलाइन, रक्ताइतकाच. हेला नावाच्या कॅन्सरच्या पेशी 1951 पासून जगभर अशाच द्रवात वाढताहेत.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. जठराचं अस्तर झिजून आम्ल कमी पडू लागलं, तर मेसेजच्या तर्कानं जठराच्या कॅन्सरचा धोका घटायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अशा झिजेचं मोठं कारण आहे, आणि तो जठरात टिकतो तोही स्वतःभोवती अमोनिया सोडून, म्हणजे आपल्यापुरतं अल्कलाइन कवच करून.

‘अल्कलाइन पाणी प्या, लिंबू घ्या’

इथे कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. आकडेमोड करू.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये मांडलेली पीएचची पट्टी दहाच्या पटीत चालते. एक अंक सरकला की आम्लाचं प्रमाण दहापट बदलतं. पीएच 9 असलेल्या एक लिटर शुद्ध पाण्यात आम्ल मारायची जेवढी ताकद असते, ती संपवायला पीएच 2 असलेलं आम्ल किती लागेल? एक मिलिलिटर. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस सोडतं. तुमच्या महागड्या यंत्रातून आलेलं बाटलीभर पाणी पोटात शिरताच, काही थेंबांत, साधं पाणी होतं. त्यात क्षार विरघळवलेले असतील तर आम्ल जास्त लागेल, इतकाच फरक. आणि गंमत अशी की जठर आम्ल सोडतं तेव्हा तेवढंच बायकार्बोनेट दुसऱ्या बाजूनं रक्तात जातं. म्हणजे प्रत्येक जेवणानंतर रक्ताला अल्कलाइन भर घालायचं काम शरीर फुकटात करतंच.

लिंबाबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवी अल्कलाइन होऊ शकते. काही प्रकारच्या मूतखड्यांवर डॉक्टर सायट्रेट देतात ते यासाठीच. पण लघवीचा पीएच 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही फिरतो, कारण नको असलेलं बाहेर टाकणं हेच तिचं काम. घरी लघवीत पट्टी बुडवून ‘बघा, शरीर अल्कलाइन झालं’ म्हणणारे लोक केराची टोपली तपासून स्वयंपाकघर श्रीमंत झालं म्हणताहेत.

रक्त खरंच अल्कलाइन झालं तर कसं वाटतं, हे पॅनिक अटॅक आलेल्यांना विचारा. भराभर श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्ताचा पीएच चढतो, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, चक्कर येते. आरोग्याची परमावधी म्हणून विकतात ती अवस्था ही.

‘औषध कंपन्या लपवतात’

लपलेलं काहीच नाही. 2009 मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात बायकार्बोनेट घालून बघितलं. गाठीभोवतीचा पीएच वाढला, काही प्रकारच्या कॅन्सरचा इतर अवयवांत होणारा फैलाव कमी झाला. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या एका प्रकारात उपयोग झाला नाही. हे सगळं रीतसर छापून आलं. उंदरांतला हा निकाल गाठीभोवतीच्या पीएचबद्दल आहे; त्यावरून माणसाचा कॅन्सर सोड्यानं बरा होतो असं म्हणता येत नाही. 2016 मध्ये दोन संशोधकांनी आहारातलं आम्ल, अल्कलाइन पाणी आणि कॅन्सर यांवरचं साहित्य पिंजून काढलं. त्यांच्या निकषांत बसणारा एकच अभ्यास सापडला, मूत्राशयाच्या कॅन्सरचा, आणि त्यात संबंध दिसला नाही.

पैसा कोण कमावतं हे बघायचंच असेल तर दोन्हीकडे बघू. अमेरिकेत अल्कलाइन आहाराचा सर्वात मोठा प्रचारक रॉबर्ट यंग. त्याच्याकडे डॉक्टरकीचा परवाना नव्हता, तरी तो गंभीर आजारी लोकांना आपल्या जागेवर ठेवून शिरेतून सोडा देत असे. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल 2016 मध्ये तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाली. 2018 मध्ये, त्याच्या सल्ल्यानं उपचार टाळलेल्या एका स्त्रीला साडेदहा कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा ज्युरीनं निकाल दिला. कॅन्सर म्हणजे बुरशी आणि सोडा हे तिचं औषध, असं सांगणाऱ्या तुल्लिओ सिमोन्चिनीचं नाव इटलीच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं आणि रुग्णाच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षाही झाली.

‘करून बघायला काय हरकत आहे?’

पाणी प्यायला हरकत नाही, खिसा हलका होईल इतकंच. लिंबूही घ्या. सोड्याला हरकत आहे: त्यात भरपूर सोडियम असतं, आणि जास्त घेतल्यास रक्त खरंच अल्कलाइन होऊन झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. मूत्रपिंडं किंवा हृदय आधीच अशक्त असेल तर आणखी लवकर.

खरी हरकत वेळेची आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये, बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या 281 रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. यातल्या बहुतेकांना कुणीतरी प्रेमानंच सांगितलं असणार, करून बघायला काय हरकत आहे.

हे लिहीत होतो तेवढ्यात पाचव्यांदा मेसेज आला. नव्या आवृत्तीत वॉरबर्गना दोन नोबेल मिळाली आहेत.