मधली भिंत

जुनं, छोटं, गावाबाहेरचं घर दुरुस्तीला काढलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "मधली भिंत काढून टाका, घर मोठं दिसेल." आम्हीही काढली. तुळईचा भार नसलेली भिंत होती, त्यामुळे छप्पर शाबूत राहिलं एवढंच. बाकी फसलो.

घर साडेचारशे चौरस फुटांचं, कौलारू, आणि माणसं पाच. भिंत गेल्यावर पहिले आठ दिवस आम्ही हॉल बघून खूश होतो. मग कळलं की आता घरात एकच खोली आहे आणि पाचही जण कायम तिच्यातच आहेत. मिक्सर लागला की मुलीचा ऑनलाइन क्लास बंद. आई नऊला आडवी होणार म्हणून आमच्या गप्पा कुजबुजीत. भांडणसुद्धा खुणांनी. बायको एकदा वैतागून बाहेर गेली आणि गाडीत बसून पुस्तक वाचत बसली. त्या दिवशी ठरलं, भिंत परत घालायची.

छोटं घर माणसांना जवळ आणतं वगैरे जे लिहितात, त्यांच्याबद्दल मला शंका आहे. ल कोर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराने 1952 साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली, 3.66 मीटर लांब, तेवढीच रुंद. छोट्या घराचं कौतुक निघालं की तिचा दाखला हमखास येतो. पण तिच्यात स्वयंपाकघर नव्हतं, आणि खानावळ दाराला लागूनच होती! तसं असेल तर मीही छोट्या घरावर कौतुकाने लिहीन.

परत घातलेली भिंत म्हणजे जाड फळ्यांचं, जमिनीपासून वरपर्यंत पुस्तकांनी भरलेलं कपाट, मागून प्लायने बंद केलेलं. त्याआधी पडदा लावून पाहिला होता. पडद्याने दिसायचं थांबतं, ऐकू यायचं थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. मुलाच्या जुन्या गाइडांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दारांचंही तेच. अडीच फुटी दार उघडताना पाच चौरस फूट जागा खातं, म्हणून सगळीकडे सरकती दारं बसवली. हिशोब बरोबर होता. पण सरकत्या दाराला खाली फट राहते, बाजूने फट राहते. बाथरूमचं सरकतं दार महिन्याभरात बदललं. कारण सांगत नाही.

दुसरी चूक सिमेंटची, आणि ती जास्त महागात पडली. भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, दोन फूट जाड. खालचा गिलावा सुटला होता. गवंड्याने सिमेंटचा मारला, मीही "पक्कं काम होऊ दे" म्हणालो. वर्षभरात ओल कमरेपर्यंत चढली, रंगाचे पोपडे, पांढरा खार. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. त्याआधीची बहुतेक बांधकामं चुन्यावर, मातीवरच उभी राहिली, आणि या भिंतीही त्याच रीतीच्या. जमिनीतलं पाणी त्या थोडं वर ओढतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडून देतात. सिमेंटने ती वाट बुजवली, मग पाणी वर चढणार नाही तर काय करणार? सगळं खरवडून पुन्हा चुना लावला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, घाई केली की तडकतो. बाहेर मातीची पातळी खाली घेतली, पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब नेलं. खरं तर हे काम सगळ्यात आधी करायचं होतं. फरशी, रंग, दिवे यांत आमचा सगळा जीव गेला आणि पायाशी साचणाऱ्या पाण्याकडे कुणी पाहिलंच नाही.

याच जाड भिंतींबद्दल एका हुशार माणसाने सांगितलं होतं, "आतून छिलून घ्या, जागा वाढेल." नशीब, ऐकलं नाही. दुपारचं ऊन त्यातून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ उलटते. आणि खिडकीचा कट्टा हाताभर खोल आहे. त्यावर एक पातळ गादी टाकली. मुलगी तिथे पाय पोटाशी घेऊन बसते, पाठ एका कडेला, तळवे दुसऱ्या कडेला टेकलेले. तिच्या तळव्यांनी तिथला चुना गुळगुळीत झालाय. घरातली सगळ्यात लहान जागा, आणि तिच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं. "माझी पाळी" असं पासष्टीची आईही म्हणते.

मोठं दिसणं पाहुण्यांच्या कामाचं, तेही चहा संपेपर्यंत. आम्हाला दार लावून बसता येईल असे कोपरे हवे होते.

रविवारी मेव्हणा आला होता. पुस्तकांच्या कपाटावर टकटक करून म्हणाला, "दाजी, हे काढलं तर केवढं मोठं दिसेल!"

पलीकडून मुलगी ओरडली, "मामा, इथे कुणीतरी अभ्यास करतंय!"