टॉवर आला, चिमण्या गेल्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

चिमण्या घटल्या असं वाटलं तर आधी वही घेऊन मोजा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरासमोर मोबाइल टॉवर उभा राहिला आणि चार महिन्यांत चिमण्या दिसेनाशा झाल्या. कारण डोळ्यांसमोर असताना वही घेऊन मोजत बसा म्हणणं हा वेळकाढूपणा. शिवाय लेखात ऋतूंचा मुद्दा एका ओळीत उरकला आहे. ही दुसरी तक्रार अगदी मान्य. पहिलीचं अर्धं उत्तर या दुसरीतच आहे.

वीण संपली की चिमण्या पिल्लांसकट थवे करून दाणा पिकलेल्या शेतांकडे, गवताळ माळांकडे सरकतात. त्याच सुमारास पिसं झडून नवी येतात, तेव्हा त्या गप्प आणि आडोशाला असतात. अंगण आठवडेच्या आठवडे रिकामं. म्हणून तुलना चार महिन्यांपूर्वीशी नको, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी हवी. तो आकडा नसेल तर आजपासून लिहायला लागायचं, दुसरा इलाज नाही.

आठवड्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, एकाच जागी १५ मिनिटं बसा. पाऊस किंवा सोसाट्याचा वारा असेल तर दुसऱ्या दिवशी. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या, तेवढाच आकडा लिहा. त्याच तीन चिमण्या पाचदा येऊन गेल्या की बेरजेत पंधरा होतात, आणि पुढे त्या नुसत्या कागदावरच ‘घटतात’. शून्यही लिहा; बहुतेक वह्या इथेच फसतात, रिकाम्या दिवशी कुणी पेन उचलत नाही. साळुंख्या, बुलबुलही मोजा. सगळेच घटले तर शोध वेगळा, एकट्या चिमण्या घटल्या तर वेगळा.

मग आजूबाजूला दोनदोनशे मीटरवर चार-पाच ठिकाणी हेच करा. चिमणी फार लांब जाणारी नाही. तिथे चिवचिवाट असेल, तर त्या फक्त तुमच्या अंगणातून उठल्या आहेत. दाट झुडूप छाटलं गेलं का? भिंतीतली भोकं लिंपली का? सुमारे ३२ मिलिमीटरचं भोक तिला पुरतं, आणि दुरुस्तीत पहिलं तेच बुजतं. घरटं दिसलं तर लांबूनच अर्धा तास बघा, चोचीत अळ्या-किडे येतात की शिळ्या अन्नाचा चुरा. सुरुवातीच्या दिवसांत पिल्लं किड्यांवरच वाढतात, त्यामुळे तुम्ही ठेवलेल्या दाण्यांनी हा प्रश्न सुटत नाही.

पिसं फुगवून बसलेला, घास गिळता न येणारा पक्षी दिसला तर दाणा-पाणी किमान दोन आठवडे बंद, भांडी धुऊन कोरडी. ट्रायकोमोनोसिस हा पक्ष्यांच्या घशाचा रोग लाळ लागलेल्या दाण्यांतून पसरतो. ब्रिटनमधले ग्रीनफिंच (चिमणीएवढे हिरवट पक्षी) २००५नंतर त्यानेच झपाट्याने घटले.

आता टॉवर. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली २६०३ चिमण्या मोजल्या गेल्या. १९४८ साली ८८५, १९७५ साली ५४४, २००० साली ८. ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ साली. पहिली मोठी घसरण घोडागाड्या गेल्याने झाली असं मानतात. तोबऱ्यांतून सांडणारा दाणाच संपला. हे कळलं ते कुणीतरी त्याच बागेत पुन्हा पुन्हा मोजलं म्हणून.

तरीही टॉवरवरच संशय असेल तर त्याच्यापासून १०० मीटरवरची आणि ५०० मीटरवरची, घरं-झाडं सारखी असलेली ठिकाणं निवडून वर्षभर मोजा. आणि टॉवर बसवताना खाली काय तोडलं, कोणतं छप्पर बदललं, ते त्याआधी विचारून घ्या.